फाटक्या सनदेचे सरदार

गुंजीचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांस निराळे सांगावयास नको की आषाढ-श्रावणात येथे सकाळ आणि संध्याकाळ यांत फारसा भेद उरत नाही. खानापूर आणि लोंढा यांच्या मधले आमचे हे गाव. सभोवती रान, रानाच्या कडेने भातखाचरे, आणि त्यांमधून जाणारी रेल्वेची वाट. पावसाचा जोर वाढला की वीज जाते, आणि ती केव्हा येईल हे विचारण्याची सवय आम्ही सेवानिवृत्तीबरोबरच सोडून दिली आहे. अशाच एका रात्री आमच्या नातवाने आम्हांस एक इटालियन चित्रपट दाखविला. वीज मध्येच गेली, आणि त्या अंधारात आमच्या घरातील एक जुनी गोष्ट, जी आम्ही कित्येक वर्षे मनात दाबून ठेवली होती, ती तोंडातून निघून गेली. त्याच गोष्टीसाठी हा लेखनप्रपंच.

चित्रपटाचे नाव 'लार्माता ब्रांकालिओने', म्हणजे ब्रांकालिओनेची फौज. साल 1966, दिग्दर्शक मारिओ मोनिचेल्ली, आणि मुख्य भूमिकेत व्हित्तोरिओ गास्मान. मध्ययुगातील भाडोत्री शिपाईगिरीची ही गोष्ट आहे असे नातवाने सांगितले, तेव्हा चकाकती चिलखते, झेंडे आणि तुताऱ्या पाहावयास मिळतील अशी आमची समजूत झाली. प्रत्यक्षात पडद्यावर आले ते चिखल, उपासमार, साथीचा रोग आणि लक्तरे नेसलेली पाच-सहा माणसे. हे टोळके एका जखमी सरदारास लुटते आणि मेला असे समजून नदीत ढकलून देते. लुटीचा माल विकावयास ते एका म्हाताऱ्या ज्यू व्यापाऱ्याकडे जाते, तर मालात एक चर्मपत्र निघते. दक्षिणेकडील औरोकास्त्रो नावाच्या नगराची ती सनद आहे. जो ती घेऊन जाईल तो त्या नगराचा धनी. मात्र चर्मपत्राचा खालचा भाग फाटून गेलेला आहे.

आता सनद आहे, पण ती मिरविण्यासाठी सरदार पाहिजे. तो सापडतो ब्रांकालिओने. हा मोठ्या घराण्याचे नाव सांगणारा, भाषण भारदस्त, कमरेला तलवार आणि खाली अक्विलान्ते नावाचा एक घोडा. घोडा असा की नेमक्या वेळी धन्याचे ऐकणार नाही. आपल्या जुन्या परिभाषेत बोलावयाचे तर हा शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीस येणारा, आणि बाकीचे बारगीरसुद्धा नव्हेत. बारगिरास निदान सरकारी पागेतून घोडा मिळे. इटालीत या चित्रपटानंतर कोणत्याही विस्कळीत, नालायक जमावास 'ब्रांकालिओनेची फौज' म्हणण्याचा प्रघात पडला. आमच्याकडे हे काम 'बाजारबुणगे' हा शब्द फार पूर्वीपासून करीत आला आहे.

या मंडळींची वाटचाल म्हणजे फजितीमागून फजिती. ओसाड नगर लुटावयास शिरतात तर तेथे साथ पसरलेली. पवित्र भूमीकडे निघालेल्या एका साधूच्या मागे लागतात, तर श्रद्धेच्या बळावर डुगडुगत्या पुलावर उड्या मारणारा तो साधू पुलासकट दरीत जातो. एका नवरीस तिच्या वरापर्यंत सुखरूप पोहोचविण्याचे वचन ब्रांकालिओने देतो आणि अक्षरशः पाळतो, तरी शिक्षा त्यालाच होते. आम्ही हसत होतो, परंतु मध्ये मध्ये हसू थांबत होते. मोनिचेल्लीचा हा धर्मच असावा. त्याच्या 'ला ग्रांदे गुएर्रा' या चित्रपटात पहिल्या महायुद्धातील दोन कातडीबचावू शिपाई आहेत, आणि त्या चित्रपटास 1959 साली व्हेनिसच्या महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळाले होते. भित्र्या माणसाची थट्टा करता करता त्याच्यावर माया करणे ही सोपी गोष्ट नव्हे.

भाषेविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे. आम्हांस इटालियन येत नाही. खालच्या इंग्रजी ओळी वाचून नातू सांगत होता आणि आम्ही कान देऊन ऐकत होतो. तो म्हणाला की ही भाषा आजची नाही आणि खरी जुनीही नाही. लॅटिनचे तुकडे, खेडवळ बोली आणि जुने शब्द यांची मोट बांधून लेखकांनी ती मुद्दाम घडविली आहे. आम्हांस त्यात नवल वाटले नाही. निम्मी फारसी आणि निम्मी मराठी अशी बखरींची भाषा आम्ही वाचली आहे, आणि कानडी हेल काढून मराठी बोलणाऱ्या मुलुखात आमचा जन्म गेला आहे.

तर अशा रीतीने ही फौज एकदाची औरोकास्त्रोस पोहोचते. म्हातारा व्यापारी वाटेतच मेलेला असतो. नगरातील लोक लगबगीने पुढे येतात, किल्ल्या हाती देतात आणि दिसेनासे होतात. इतक्या सहज राज्य मिळाले म्हणून ही मंडळी हरखून जातात. तोच समुद्रात शिडे दिसतात, आणि फाटून गेलेल्या भागात काय लिहिले होते ते कळते. जो धनी होईल त्याने समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांपासून नगराचे रक्षण करावे, ही सनदेची अट होती.

नेमकी येथे वीज गेली.

कंदील लावला. नातू म्हणाला, "आजोबा, असं कुणी करतं काय? खालचं न वाचताच इतक्या लांब जायचं?" आम्ही म्हटले, "करतात की. आपल्याच घरात केलं आहे."

या पत्रिकेच्या वाचकांपैकी बहुतेकांची घराणी दोन-तीनशे वर्षांपूर्वी केव्हातरी घाटावरून, कोकणातून वा देशावरून या मुलुखात आली आणि स्थिरावली. कोणी लेखणी घेऊन आले, कोणी तागडी, कोणी तलवार. आमचे पूर्वज तलवार घेऊन आले आणि ते सरदार होते, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते कुळाचाराच्या दिवशी नैवेद्य दाखवून झाला की मुलांना बसवून ही हकीकत सांगत. धोंडजी वाघाच्या धामधुमीत आमच्या पूर्वजाने गोखल्यांच्या बाजूने तलवार गाजविली आणि त्याबद्दल जमीन इनाम मिळाली, असा तिचा सारांश. पुरावा म्हणून देवघराच्या फडताळातील पत्र्याचे नळकांडे दाखविले जाई. त्यात मोडीतील एक कागद होता. तो कोणी उघडून वाचीत नसे. मोडी वाचता येणारे आमच्या घरातले शेवटचे माणूस म्हणजे आजोबा, आणि त्यांनी त्यातील मजकुराविषयी काही सांगितल्याचे कोणास आठवत नव्हते.

धोंडजी वाघ हे नाव आता नव्या पिढीस ठाऊक नसावे. मूळचा चन्नगिरीचा हा मराठा. हैदराच्या घोडदळात चाकरीस राहिला, पुढे टिपूची चाकरी सोडून धारवाडच्या बाजूस लूट करू लागला, टिपूने त्याला परत बोलावून बाटविले आणि श्रीरंगपट्टणास कैदेत टाकले. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि हा सुटला. टिपूची फौज मोडल्याने बेकार झालेले शिपाई रस्तोरस्ती फिरत होते, ते याच्याभोवती गोळा झाले. पदरी ना मुलूख ना खजिना, पण याने बिरुद घेतले ते 'उभयलोकाधीश्वर', इहलोक आणि परलोक दोहोंचा राजा. ब्रांकालिओनेसही इतके सुचले नसते.

परंतु हा विनोद नव्हता. 1800 च्या जूनअखेर त्याने धोंडोपंत गोखल्यांस गाठून ठार केले. पुतणे बापू गोखले जखमी होऊन निसटले. त्यानंतर आर्थर वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून जगास माहीत झाला, तो याच्या पाठीस लागला. 30 जुलै रोजी मुनवळ्ळीजवळ त्याने धोंडजीच्या फौजेचा एक भाग मलप्रभेच्या काठी गाठून नदीत लोटला. धोंडजी स्वतः निसटला आणि नदीच्या उगमाकडील जंगलांतून वळसा घालून पलीकडे गेला. मलप्रभेचा उगम आमच्याच खानापूर तालुक्यात कणकुंबीस होतो, हे वाचकांस ठाऊक आहेच. म्हणजे ऐन श्रावणाच्या पावसात उभयलोकाधीश्वरांची भुकेली स्वारी आमच्या या रानांच्या आसपासच कोठेतरी चिखल तुडवीत होती. अखेर 10 सप्टेंबर 1800 रोजी निजामाच्या हद्दीत कोनगल येथे वेलस्लीच्या घोडदळाने त्याला गाठले आणि तेथे तो पडला. त्याच्या सामानसुमानात त्याचा लहानगा मुलगा सलाबतखान सापडला. वेलस्लीने त्यास आपल्या आश्रयास घेतले आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी पैसे ठेवून गेला. शत्रूच्या बाजूची एवढी एक गोष्ट आम्हांस आवडते.

या काळात भाड्याची तलवार हा उघड व्यवसाय होता आणि त्यात जातगोत वा देशही पाहिला जात नसे. इटालियन सुद्धा येथे होतेच. नेपल्सकडचा मिकेल फिलोस हा मूळचा खेचरे हाकणारा, तो द बोइन्येच्या हाताखाली महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेत अधिकारी झाला. मुलगा जान बतीस दौलतरावांच्या पदरी वाढला. घराणे ग्वाल्हेरीस मराठ्यांच्या आश्रयाने राहिले आणि त्यांच्याच वंशातील मायकेल फिलोस याने 1874 साली पुऱ्या झालेल्या जयविलास राजवाड्याची रचना केली. खेचरे हाकणाऱ्याच्या वंशजाने राजवाडा उभारावा, याला आम्ही यशस्वी ब्रांकालिओने म्हणू.

असो. सांगावयाचे होते ते आमच्या कागदाविषयी.

आमची सारी नोकरी महसूल खात्यात गेली. सनदा, इनामे, वतने, फेरफार, उतारे यांवरच आम्ही केस पांढरे केले. एकोणिसाव्या शतकात इनाम कमिशनने या दक्षिण महाराष्ट्राच्या मुलुखात घरोघरचे कागद मागविले आणि 1852 च्या कायद्याने त्या चौकशीस धार आली. ज्यांना कागद दाखविता आला नाही त्यांची इनामे खालसा झाली. ते वाचताना आमचे रक्त तापत असे. तरीही खुर्चीवर बसल्यावर आम्ही स्वतः निराळे काय केले? समोर म्हातारा उभा राहून सांगे की जमीन आजापणजापासून कसतो आहे, आणि आम्ही म्हणत असू, "कागद दाखवा." नियम तोच होता, आणि तो मोडला असता तर उद्या कोणीही उठून काहीही सांगितले असते. परंतु काही चेहरे अजून डोळ्यांसमोर येतात.

2018 साली सेवानिवृत्त झाल्यावर आम्हांस प्रथमच फुरसत मिळाली. नळकांडे घेऊन आम्ही बेळगावास एका मोडीच्या जाणकारांकडे गेलो. कागद जीर्ण. कसरीने खाल्लेला, आणि खालचा तृतीयांश भाग फाटून गेलेला. त्यामुळे शेवटचे मोर्तब नाही आणि देणारा नेमका कोण तेही कळत नाही. जाणकारांनी भिंग लावून दोन तास खर्च केले आणि वरचा मजकूर लागला. त्यात गोखल्यांचे नाव नव्हते, लढाई नव्हती, सरदारकी तर मुळीच नव्हती. रानातील घाटवाटेच्या चौकीवर आणखी दोन असामींसह हत्यारबंद हजर राहावे, वाटसरूंस व टपालास सोबत करावी, आणि त्याबद्दल अमुक शेत खावे, इतकाच मजकूर. पुढे "आणि" एवढा शब्द आहे. तेथे कागद संपतो.

याचा अर्थ आमचे पूर्वज शेतसनदी होते. बेळगाव-धारवाडकडे हा शब्द पूर्वी घरोघरी माहीत होता. रोख पगाराऐवजी शेत घेऊन गावाची, वाटेची राखण करणारा शिपाई तो शेतसनदी. इंग्रजी आल्यावर लढाईचे काम सुटले आणि टपाल पोहोचविणे, कैद्यांबरोबर जाणे, अधिकाऱ्यांचा तळ राखणे ही कामे त्यांच्याकडे राहिली. सन 1961 च्या कर्नाटकाच्या ग्रामवतन निर्मूलन कायद्याने अशा वतनांचा उरलासुरला अवशेषही संपविला. सरदार आणि शेतसनदी यांत हत्तीचा आणि पायपोसाचा फरक. तरीही आम्हांस त्या दिवशी बेळगावाहून परत येताना गाडीत वाईट वाटले नाही, उलट त्या माणसाविषयी प्रथमच आपलेपणा वाटला. तिघे जण, रान, पाऊस आणि एक वाट. यांतले आम्हांस काहीच परके नव्हते.

आणि लगेच पुढचा प्रश्न आला. 1800 च्या त्या श्रावणात, धोंडजीची माणसे रानातून जात असताना, आमचे हे तीन चौकीदार कोठे होते? कागद त्या सालापूर्वीचा आहे असे जाणकारांचे मत पडले. म्हणजे राखण करण्याची अट तेव्हा लागू होती. तिघांनी हजारोंना अडविले असेल असे कोणताही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. औरोकास्त्रोच्या नागरिकांप्रमाणे तेही किल्ल्या टाकून झाडीत शिरले असतील, आणि तसे केले असेल तर त्यांच्या त्या शहाणपणामुळेच आम्ही आज हे लिहावयास आहोत. शेत घराण्यात राहिले, यावरून कोणी तक्रार केली नाही एवढे खरे. कदाचित जमीन देणाऱ्यासही स्वतःचे काही सांभाळायचे असेल. आमच्या आजीची एक म्हण होती, दंगा झाला की घरातली भांडी विहिरीत आणि माणसे रानात. ती कोठून आली याचा आम्ही पूर्वी कधी विचार केला नव्हता.

त्या संध्याकाळी दादांनी विचारले, "काय निघालं रे कागदात?"

दादा तेव्हा अंथरुणास खिळले होते. आम्ही म्हणालो, "अक्षर लागत नाही, दादा. फार जीर्ण झालाय." त्यांनी मान हलविली. म्हणाले, "असू दे. आपल्याला माहीत आहे ना, तेवढं पुरे." पुढच्या कुळाचाराला त्यांनी बिछान्यावरूनच मुलांना ती हकीकत सांगितली, गोखल्यांसकट. आम्ही शेजारी बसून होतो. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

आयुष्यभर दुसऱ्यांस कागद दाखवा म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरातला कागद दडविला, हे आम्ही कोणास बोललो नव्हतो. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात नातवास सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग 'आणि'च्या पुढं काय असेल, आजोबा?" आम्ही म्हटले, असल्या कागदांत पुढे बहुधा कुचराई केल्यास शेत परत घेण्याची अट असते. मुलगा हसला. म्हणाला, "म्हणजे आपल्यालाही खालचं फाटलं ते बरंच झालं." दादांच्या समोर आम्हांस हे सुचले असते, तर खरे सांगणे कदाचित सोपे गेले असते. त्यांना विनोद कळत असे.

वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि उरलेला चित्रपट आम्ही पाहिला. फौज पकडली जाते, सुळावर चढविण्याची तयारी होते, तोच एक चिलखतधारी वीर येऊन शत्रूस पिटाळतो. तो निघतो तोच मूळचा सनदेचा धनी, ज्याला लुटून नदीत ढकलले होते. आता तो यांना जाळावयास निघतो. तेव्हा दरीत पडून मेलेला समजला गेलेला साधू उगवतो, आणि यांनी पवित्र भूमीस येण्याचा नवस केला आहे असे सांगून सोडवून नेतो. नगर गेले, सनद गेली, आणि ही मंडळी आरोळ्या ठोकीत पुढच्या फजितीकडे चालू लागतात. मोनिचेल्लीने त्यांना 1970 साली दुसऱ्या चित्रपटात पुन्हा बाहेर काढले. तो आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

दादांचे चिरंजीव पुण्यास असतात. त्यांच्या मुलीचे लग्न येत्या मार्गशीर्षात आहे. घरात शुद्धलेखन पाहणारे आता आम्हीच उरलो असल्यामुळे लग्नपत्रिकेचा मसुदा तपासण्यासाठी आमच्याकडे आला आहे. कुलदेवतेच्या नावाखाली पहिल्याच ओळीत 'गुंजीचे सरदार घराणे' असे छापावयाचे योजिले आहे. आम्ही ऱ्हस्व-दीर्घ तपासले, दोन ठिकाणी अनुस्वार घातले. त्या ओळीपाशी लेखणी थांबली ती थांबलीच. पत्रिका छापावयास द्यावयाची तारीख पुढच्या सोमवारची आहे, आणि मसुदा अजून आमच्या टेबलावर, नळकांड्याच्या शेजारी आहे.